रिफ्रेन म्हणजे नेमकं काय, आणि ते वापरायचं कसं

गोव्यातल्या साखळी गावचा एक मुलगा, माझा जुना विद्यार्थी, आता कळंगुटला एका हॉटेलात फ्रंट ऑफिसला लागलाय. त्याने गेस्टसाठी एक नोटीस टाइप केली, ‘वी रिफ्रेन यू टू ब्रिंग आउटसाइड फूड’, आणि वरच्या साहेबाने ती सगळ्या स्टाफसमोर मोठ्याने वाचून दाखवली. पोराला लागलं ते. रात्री मला विचारतो, बाई, डिक्शनरीत रिफ्रेनचा अर्थ रोखणे असा दिलाय, मी गेस्टला रोखतोच आहे ना, मग चुकलं कुठे? आणि अव्हॉइड, रिझिस्ट, अब्स्टेन, रिस्ट्रेन हे सगळे एकच ना, कुठलाही घातला तर चालेल?

अरे पुता, चालणार नाही, पण चूक तुझ्या एकट्याची नाही. मी डिचोली तालुक्यात २७ वर्षं इंग्रजी शिकवलं, आपली पोरं चौथीपर्यंत मराठीतून शिकतात आणि पाचवीला एकदम सगळं इंग्रजीतून सुरू होतं, मग डोक्यात वाक्य मराठीत जुळतं आणि त्याच्या एकेका शब्दावर डिक्शनरीतला शब्द ठेवला जातो. आता आपलं ‘रोखणे’ बघ. गेटवरचा वॉचमन माणसाला रोखतो, आणि रागाच्या भरात आपण स्वतःलाही रोखतो, दोन्हीकडे शब्द तोच. इंग्रजीने ही दोन कामं दोन शब्दांना वाटून दिलीत. दुसऱ्याला रोखायचं असेल तर स्टॉप, रिस्ट्रेन, प्रिव्हेंट वगैरे. रिफ्रेन फक्त स्वतःपुरतं. तू गेस्टला रिफ्रेन करूच शकत नाहीस, तो गेस्टच स्वतःहून रिफ्रेन करेल, तू फार तर त्याला तशी विनंती करशील. तुझ्या वाक्यातली मोठी चूक ही, ‘टू ब्रिंग’ची भानगड त्याच्या नंतरची, तिच्याकडे येते.

पण त्याआधी अर्थ नीट बसू दे. रिफ्रेन म्हणजे एखादी गोष्ट करता येत होती, करावीशी वाटत होती किंवा करायची सवय तरी होती, आणि तरीही आपण ती आपणहून केली नाही. लाईट गेली म्हणून टीव्ही बघितला नाही, हे रिफ्रेन नव्हे, बघणं शक्यच नव्हतं. कारलं मला आवडत नाही म्हणून मी ते खात नाही, हेही नव्हे, कारण खाण्याची ओढच नाही. आत काहीतरी पुढे सरकलेलं पाहिजे आणि ते आपणच मागे ओढलेलं पाहिजे.

एक प्रसंग सांगते, त्यावरून मी वर्गातसुद्धा शिकवायचे. चतुर्थीला आमच्या मूळ घरी वीस-पंचवीस माणसं जमतात. एका वर्षी मोठ्या जाऊबाईंनी पहाटेपासून उभं राहून खतखतं केलं, सगळ्या भाज्या, वर तिरफळं, वास अगदी अंगणापर्यंत, आणि घाईत मीठ दोनदा पडलं. पहिल्या घासाला सगळ्यांना कळलं. माझे मिस्टर म्हणजे जे मनात ते ओठांवर असा स्वभाव, त्यांनी तोंड उघडलंसुद्धा, ‘वहिनी, आज’ एवढं बोललेसुद्धा, मग जाऊबाईंचा घामाने थबथबलेला चेहरा बघितला आणि म्हणाले, ‘आज वास काय सुटलाय’, आणि पाण्याचा तांब्या जवळ ओढून जेवत राहिले. ‘ही रिफ्रेन्ड फ्रॉम सेइंग एनीथिंग अबाउट द सॉल्ट.’ शब्द जिभेवर आला होता, तो गिळला. आपण मराठीत ‘शब्द गिळला’ म्हणतो ना, त्याच्याइतकं रिफ्रेनच्या जवळचं मला दुसरं काही सापडलेलं नाही. डिक्शनरीतलं ‘परावृत्त होणे’ बरोबर आहे, पण ते कोणी बोलत नाही, आणि जो शब्द कोणी बोलत नाही त्यातून मुलांना अर्थ कळत नाही.

हा शब्द आलाय लॅटिनमधून, तिथे फ्रेनुम म्हणजे घोड्याच्या तोंडात घालतात तो लगाम, आणि रिफ्रेनारे म्हणजे लगाम खेचून मागे आवरणं. म्हणजे ‘तोंडाला लगाम घाल’ असं आपली आजी म्हणायची ते आणि रिफ्रेन, मुळात एकच चित्र आहे, कोणी कोणाकडून घेतलेलं नाही, घोडा दोघांनी पाहिलेला होता एवढंच. आणि ह्याहून गंमत म्हणजे आरशासमोर उभं राहून जीभ वर उचललीस तर खाली मधोमध एक बारीक पडदा दिसतो, जीभ तळाशी बांधून ठेवणारा. डॉक्टर लोक त्याला फ्रेन्युलम म्हणतात, म्हणजे छोटा लगाम. तोच शब्द. जिभेचा लगाम प्रत्येकाच्या तोंडात आहे, हे मी वर्गात सांगितलं की सगळी मुलं जीभ वर करून एकमेकांना दाखवायची आणि पुढे दहावीपर्यंत कोणी रिफ्रेनचा अर्थ विसरायचं नाही. (इंग्रजीत लगामाच्या पट्ट्याला रेन म्हणतात, स्पेलिंगमध्ये ई आणि आय, तो आवाजाने रिफ्रेनसारखा वाटला तरी वेगळ्या धातूतून आलाय. रिफ्रेनच्या स्पेलिंगमध्ये ए आणि आय, ट्रेनमध्ये असतात तसे. इथे बरेच जण घसरतात.)

जिभेवरून आठवलं, इंग्रजीत ‘बाइट युवर टंग’ म्हणजे बोलायच्या आधी स्वतःला आवरणं, रिफ्रेनचाच बोलीतला भाऊ. आपल्याकडे जीभ चावतात ती बोलून गेल्यावर, अरेच्चा, हे काय बोललो म्हणून. दोन्हीकडे जीभ, दोन्हीकडे दात, अर्थ मात्र उलटे. तेव्हा एखाद्या इंग्रज गेस्टने मेलमध्ये ‘आय बिट माय टंग’ लिहिलं तर तो काहीतरी बोलून बसला असं समजू नकोस, तो चिडला होता आणि बोलला नाही असा त्याचा अर्थ, आणि अशा गेस्टला लगेच फोन करावा.

आता बांधणी. रिफ्रेन, मग फ्रॉम, मग आयएनजी. रिफ्रेन फ्रॉम स्मोकिंग, रिफ्रेन फ्रॉम टेकिंग फोटोज. ‘रिफ्रेन टू’ कधीच नाही. आपण ‘टू’ का घालतो तेही सांगते, कारण रिफ्यूज टू, डिसाइड टू, ट्राय टू हे आधीच तोंडात बसलेले असतात आणि रिफ्यूज तर अर्थानेही शेजारीच वाटतं. पण बघ, मराठीत आपण ‘बोलण्यापासून स्वतःला रोखलं’ म्हणतो, ते ‘पासून’ म्हणजेच फ्रॉम. इथे आपली मराठी तुला बरोबर वाट दाखवतेय, तिचंच ऐक. फ्रॉमच्या पुढे नुसतं नामही चालतं, रिफ्रेन फ्रॉम व्हायोलन्स, रिफ्रेन फ्रॉम कॉमेंट. आणि ‘आय रिफ्रेन्ड मायसेल्फ’ म्हणायची गरज नाही, स्वतःला हे त्या शब्दाच्या पोटातच आहे. पूर्वी पुढे कर्म यायचं, १६११ च्या इंग्रजी बायबलमध्ये पीटरच्या पत्रात ‘रिफ्रेन हिज टंग फ्रॉम ईव्हिल’ असं आहे, जीभ वाईटापासून आवरावी, तिथे अजून लगाम आणि घोडा दोन्ही वेगळे दिसतात, पण आता तसं कोणी लिहीत नाही, तूही लिहू नकोस.

बाकीचे शब्द मी मासळीवर शिकवते, कारण गोव्यातल्या मुलाला मासळीइतकं दुसरं काही पटकन कळत नाही. १ जून ते ३१ जुलै ट्रॉलर समुद्रात जात नाहीत. ते रिफ्रेन करतात का? नाही, ती सरकारी बंदी आहे, ६१ दिवसांची, दे आर बॅन्ड. मनातलं काही नाही त्यात. १ ऑगस्टपासून बोटी बाहेर पडतात, मार्केटात ताजी सुंगटं, म्हणजे कोळंबी, यायला लागतात, आणि थोडंफार त्याच सुमारास आपला श्रावण. श्रावण पाळणारा माणूस महिनाभर शिवराक, म्हणजे शाकाहारी, ‘ही अब्स्टेन्स फ्रॉम फिश.’ अब्स्टेनमागे व्रत असतं, नियम असतो, धर्म असतो, डॉक्टर असतो, आणि ते बहुतेक वेळा काही काळ चालतं. आपले कॅथलिक शेजारी लेंटमध्ये, म्हणजे ईस्टरच्या आधीच्या उपवासाच्या दिवसांत, शुक्रवारी मांस सोडतात, दे अब्स्टेन फ्रॉम मीट, तिथे मासळी मात्र चालते, म्हणजे आपण जे सोडतो तेच ते खातात आणि क्रियापद दोघांचं एकच. दारूलाही अब्स्टेनच. आणि मतदानालाही, सभागृहात हजर राहून बाजूने नाही नि विरोधातही नाही, त्याला पेपरवाले ‘तटस्थ’ लिहितात. २ मार्च २०२२ ला युक्रेनवर संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत मतदान झालं तेव्हा ३५ देश अब्स्टेन राहिले, त्यात भारत होता.

आता तोच श्रावण पाळणारा माणूस म्हापशाच्या मार्केटातून चाललाय, नाकात वास शिरलाय, टोपलीतली सुंगटं अजून हलतायत, पाय तिथे थबकले आणि तरी तो पुढे गेला. ‘ही रिझिस्टेड द टेम्प्टेशन.’ रिझिस्टमध्ये समोरून कोणीतरी खेचत असतं, कुस्ती असते, म्हणून त्याच्यापुढे टेम्प्टेशन, अर्ज (इंग्रजीतला, म्हणजे ऊर्मी), प्रेशर असे शब्द येतात, फ्रॉम नाही. ज्याचा स्वतःवर तेवढा भरवसा नाही तो मासळीच्या गल्लीत शिरतच नाही, भाजीच्या बाजूने वळसा घालून जातो, तो अव्हॉइड करतो. अव्हॉइड म्हणजे चुकवणं, टाळणं, प्रसंगच येऊ न देणं. ट्रॅफिक अव्हॉइड करतात, रिफ्रेन फ्रॉम ट्रॅफिक कोणी म्हणत नाही, कारण ट्रॅफिक हे तुझं कृत्य नव्हे, आणि रिफ्रेन फक्त स्वतःच्या कृत्यापासून होतं. आणि मुलाने हात पुढे केला नि आईने तो मनगटाला धरून मागे घेतला तर शी रिस्ट्रेन्ड हिम. तुला नोटिशीत जो शब्द हवासा वाटत होता तो हा, पण तो गेस्टला वापरलास तर तू त्याचे हात धरलेस असं होईल! कोर्टाच्या कागदात रिस्ट्रेन्ड दिसतं ते ह्याच अर्थाने, जमिनीच्या दाव्यात मनाई हुकूम आला की ‘आर हिअरबाय रिस्ट्रेन्ड फ्रॉम’ असं असतं, कोर्टाने हात धरलाय. रिफ्रेनला त्यांच्यामध्ये ठेव. कुस्तीही नाही, व्रतही नाही, कोणी हातही धरलेला नाही. मित्राच्या घरी ताट पुढे आलं, श्रावणबिवण काही नाही, पण पोटाचं ऑपरेशन होऊन आठच दिवस झालेत म्हणून भाजलेला बांगडा बघून हात मागे घेतला आणि गप्पा चालू ठेवल्या, ते रिफ्रेन.

ह्यापुढचा मुद्दा माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा आहे आणि डिक्शनरीत तो सापडत नाही. रिफ्रेनला स्वतःचा जोर नसतो, त्याच्या अलीकडे कुठला शब्द आहे त्यावर तो विनंती होतो की हुकूम. ‘प्लीज रिफ्रेन’ म्हणजे कृपया करू नये, देवळातली पाटी. ‘शॅल रिफ्रेन’ म्हणजे करायचंच नाही. इलेक्शनची आचारसंहिता काढून बघ, पार्टीज अँड कँडिडेट्स शॅल रिफ्रेन, दुसऱ्याच्या खाजगी आयुष्यावर टीका करायची नाही. संयुक्त राष्ट्रांच्या १९४५ च्या सनदेत दुसऱ्या कलमाच्या चौथ्या भागात तोच शॅल रिफ्रेन, सदस्य देशांनी बळाचा धाक किंवा बळाचा वापर करू नये, आणि तिथे रिफ्रेन आणि फ्रॉमच्या मध्ये तीन-चार शब्द येऊन बसलेत, तेही लक्षात ठेव, मोठ्या वाक्यात फ्रॉम लांब गेला म्हणून तो विसरायचा नसतो.

आणि हे कलम आपल्याला परकं नाही. १८ डिसेंबर १९६१ ला भारतीय सैन्य गोव्यात शिरलं आणि त्याच दिवशी न्यूयॉर्कला सुरक्षा समितीत पोर्तुगालच्या तक्रारीवर बैठक बसली. अमेरिका, ब्रिटन, फ्रान्स, तुर्कस्तान ह्यांनी जो ठराव आणला त्यात ह्याच कलमाची आठवण दिली होती, हेच रिफ्रेन. भारताचं म्हणणं, हा वसाहतवादाचा प्रश्न आहे. समितीत तेव्हा ११ सदस्य होते, ७ ठरावाच्या बाजूने, ४ विरोधात, आणि त्या चारात सोव्हिएत युनियन होता म्हणून व्हेटो बसला आणि ठराव पडला. ७ आणि ४ मिळून ११, म्हणजे अब्स्टेन कोणीच राहिलं नाही. दुसऱ्या दिवशी, १९ ला, गोवा मुक्त झाला. माझे वडील तेव्हा विशीत होते, त्यांच्या तोंडून तो दिवस मी लहानपणापासून ऐकलाय, आणि पुढे शिक्षिका झाल्यावर कागदावर तो शब्द वाचला तेव्हा कितीतरी वेळ मी त्या एका ओळीकडे बघत बसले होते. व्याकरणाच्या पुस्तकातले शब्द असे आपल्या दारात येऊन उभे राहतात, हे मुलांना कळलं पाहिजे असं मला मनापासून वाटतं.

बोलण्यात मात्र रिफ्रेन फारसं वापरू नकोस. तो लिहायचा शब्द आहे, पाटीचा, पत्राचा, सरकारी. मित्राला ‘प्लीज रिफ्रेन फ्रॉम ईटिंग माय चिप्स’ म्हणालास तर तो चमकून बघेल. बोलताना सरळ डोन्ट, किंवा स्वतःबद्दल ‘आय डिडन्ट से एनीथिंग’, ‘आय हेल्ड बॅक’, ‘आय स्टॉप्ड मायसेल्फ’. आणि आपण जे दिवसातून दहा वेळा म्हणतो, मला राहवलं नाही, हसू आवरलं नाही, त्याला ‘आय कुडन्ट हेल्प इट’, ‘आय कुडन्ट हेल्प लाफिंग’. कुडन्ट रिफ्रेन फ्रॉम लाफिंग हे चूक नाही पण कडक इस्त्रीचं वाटतं. आपली पोरं इथे ‘आय कुडन्ट कंट्रोल’ म्हणून वाक्य सोडून देतात, कारण मराठीत ‘कंट्रोल झालं नाही’ एवढ्यावर भागतं. इंग्रजीत नाही भागत, काय कंट्रोल झालं नाही ते सांगावं लागतं, मायसेल्फ, माय टेम्पर, काहीतरी. ‘मला राहवलं नाही’ मध्ये बघ, मी कर्ताच नाही, राहवणं ही गोष्ट माझ्याबाबतीत घडली नाही एवढंच. इंग्रजीत मात्र तिथे आय येऊन बसतो, राहवलं नाही तरी ते त्या आयच्याच नावावर.

राहिला तो नामाचा रिफ्रेन. तो उच्चाराने, स्पेलिंगने सारखा पण घराणं वेगळं, तो लॅटिनमधल्या मोडण्याच्या धातूवरून फ्रेंचमधून आलाय, गाणं मध्ये मोडून पुन्हा पुन्हा येणारी ओळ. म्हणजे आपलं ध्रुवपद, पालुपद. भजनात बुवा एक कडवं म्हणतात आणि मागचे सगळे टाळ घेऊन तीच ओळ उचलतात, ती ओळ. आणि जसं आपण ‘झालं ह्याचं पालुपद सुरू’ म्हणतो तसंच इंग्रजीत ‘द कॉमन रिफ्रेन’, सगळ्यांच्या तोंडी असलेलं तेच ते वाक्य. पुढे फ्रॉम नसेल आणि आधी ए किंवा द असेल तर हा गाण्यातला समज.

आता तुझी नोटीस. ‘गेस्ट्स आर रिक्वेस्टेड टू रिफ्रेन फ्रॉम ब्रिंगिंग आउटसाइड फूड इंटू द रूम्स.’ एवढंच. मागे ‘काइंडली’ आणि ‘प्लीज’ दोन्ही लावू नकोस, रिक्वेस्टेड मध्ये विनंती आलीच.

पण तू फोटो पाठवलास त्यात मागे स्विमिंग पूलजवळची पाटी दिसतेय, ‘काइंडली रिफ्रेन फ्रॉम डायव्हिंग’, आणि पाणी चार फूट. तिथे रिफ्रेन नको. रिफ्रेन म्हणजे तुमची मर्जी, तुम्हीच आवरा, आणि डोकं फुटायची शक्यता आहे तिथे मर्जीवर सोडायचं नसतं. किनाऱ्यावरचा लाइफगार्ड लाल बावट्यापलीकडे गेलेल्याला रिफ्रेन म्हणत नाही, शिट्टी मारतो आणि ओरडतो. पावसाळ्यात धबधब्यावर, चिरेखाणीच्या पाण्यात उतरायला मनाई असते तिथेही बंदीच लिहितात. ‘डू नॉट डाइव्ह. वॉटर ४ फीट.’ मोठ्या अक्षरात, शक्यतो लाल रंगात. खाण्याची नोटीस उद्या लावलीस तरी चालेल, ही पाटी आज सांगून बदलून घे.